गुडघे दुखतात? मग मऊ सोफा नको

"गुडघे धरलेत ना, मग सोफ्यावर बसा, मऊ आहे." पाहुण्या आलेल्या आजींना आपण हमखास हेच सांगतो. बसताना बरं वाटतंही, पण खरी परीक्षा उठताना. गादी दबते, कंबर गुडघ्यांच्या खाली जाते आणि उठताना सगळा भार दुमडलेल्या गुडघ्यांवर येतो. आजी पुढे सरकतात, टीपॉय धरतात, दोनदा झोका घेतात, शेवटी कोणीतरी हात देतं.

संधिवाताला उंच आणि जराशी कडक बैठक मानवते. पावलं जमिनीवर पूर्ण टेकावीत आणि बैठक गुडघ्यामागच्या खळगीइतकी किंवा दोन बोटं वर असावी. नेहमीच्या खुर्च्या साधारण ४५ सेंटिमीटर, म्हणजे दीड फूट उंच असतात. उंच माणसाला त्या कमीच पडतात. खुर्चीला हात तर हवेतच, कारण उठताना रेटा तिथूनच द्यायचा. बोटं सुजलेली असतील तर हात रुंद बघा, मूठ न आवळता तळवा टेकता येतो.

नवी खुर्ची घ्यायलाच हवी असं नाही. सुताराकडून जुन्या लाकडी खुर्चीच्या पायांखाली खोबणीचे ठोकळे बसवून घ्या. विटा मात्र नकोत, खुर्ची घसरते. आणि खुर्ची कितीही छान असली तरी अर्ध्या तासाने उठून चार पावलं टाकायचीच, नाहीतर सांधे आखडतात.