खानदेश परिसरातील सागरी जीवाश्म

जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांचा बहुतेक भाग बेसॉल्टचा आणि तापीच्या गाळाचा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या या लाव्हारसात समुद्री शिंपले शोधणे व्यर्थ आहे. शेतात नांगराला लागणाऱ्या गारगोट्या, विहिरीच्या दगडातले झिओलाइटचे स्फटिक किंवा भेगांत उमटलेली फांद्यांसारखी काळी नक्षी लोक हौसेने घरी आणतात. पण ही सगळी खनिजे आहेत, नक्षीसुद्धा मँगॅनीजची.

खरा ठेवा सातपुड्यापलीकडे, नर्मदा खोऱ्यात आहे. मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यातील, लेण्यांमुळे परिचित असलेल्या बाघ गावावरून या खडकांना बाघ थर म्हणतात. सुमारे ९ ते १० कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस कल्पात, पश्चिमेकडून समुद्राचा फाटा नर्मदेच्या खचदरीतून (जमीन खचून झालेल्या दरीतून) आत शिरला. तळाशी निमाड वालुकाश्म, वर गाठाळ चुनखडक आणि त्यावर ब्रायोझोआंच्या (वसाहती करून राहणाऱ्या सूक्ष्म सागरी प्राण्यांच्या) सांगाड्यांनी भरलेला चुनखडक असा क्रम दिसतो. कालवे, सागरी अर्चिन (गोल, काटेरी प्राणी), अॅमोनाइट (वेटोळ्या कवचाचे, आता नामशेष झालेले प्राणी) आणि ब्रॅकिओपॉड (दोन झडपांच्या कवचाचे, पण शिंपल्यांहून वेगळ्या गटातले प्राणी) त्यात सापडतात. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड यांनी तापी व खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचे भूशास्त्र १८६९ मध्ये मांडले, जीवाश्मशास्त्रज्ञ जी. डब्ल्यू. चिपळूणकर यांनी येथील ब्रॅकिओपॉडांतून मालविरिंकिया ही प्रजाती १९३८ मध्ये प्रस्थापित केली.

ब्रॅकिओपॉड हातात घेतला तर नवख्याला तो शिंपलाच वाटतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. शिंपल्याच्या डाव्या-उजव्या झडपा बहुधा एकमेकींचे प्रतिबिंब असतात. ब्रॅकिओपॉडाच्या वरच्या-खालच्या झडपा असमान, पण प्रत्येक झडप मधोमध कापल्यास दोन्ही अर्धे सारखे. मोठ्या झडपेच्या चोचीशी अनेकदा बारीक छिद्र असते. तेथून निघणाऱ्या देठाने प्राणी खडकाला चिकटून राही. मालविरिंकियाच्या गटात कवचावर ठळक कंगोरे असतात आणि झडपा मिळतात ती पुढची कड नागमोडी असते.

शेल या चिखल घट्ट होऊन बनलेल्या खडकातला सागरी जीवाश्म मात्र खानदेशात घरोघरी आहे: देव्हाऱ्यातला शाळिग्राम. नेपाळातील काली गंडकीच्या काठी ज्युरासिक काळातील काळ्या शेलमधून सुटलेले हे गोटे. चक्र म्हणून पुजली जाते ती बहुधा अॅमोनाइटच्या कवचाची वेटोळी असते. तुळशीच्या लग्नात अनेकदा हाच नवरदेव. प्रत्येक गोट्यात अॅमोनाइट असतोच असे नाही, आणि बाजारात कोरीव नकलाही मिळतात. अस्सल वेटोळ्यावर कंगोरे आतल्या वळणापर्यंत क्रमाने बारीक होत जातात. फुटक्या तुकड्यात कवचाचे कप्पे पाडणारे पडदेही दिसू शकतात.