महाविद्यालयीन अध्यापकांची कार्यभार मर्यादा

अध्यापकाला आठवड्यात, सत्रात किंवा वर्षभरात जास्तीत जास्त किती शिकवायला लावता येईल, याचे सेवाकराराने किंवा सेवानियमांनी ठरवलेले प्रमाण म्हणजे कार्यभार मर्यादा. बोलण्यात सरसकट 'वर्कलोड' म्हणतात. मोजमाप तासिकांत, श्रेयांकांत (क्रेडिटमध्ये) किंवा पेपरांच्या, म्हणजे शिकवायच्या विषयांच्या, संख्येत केले जाते.

तासिका मोजायला सोप्या असतात, पण काम तेवढेच नसते. एक जण चार तुकड्यांना एकच पेपर शिकवतो, दुसरी चार वेगळे पेपर शिकवते. वेळापत्रकात दोघांचा भार सारखाच दिसतो. पूर्वतयारी मात्र एकाला एकदा करावी लागते, दुसरीला चारदा. १२० विद्यार्थ्यांचे निबंध प्रत्येकी १० मिनिटे घेऊन तपासले तरी २० तास जातात, आणि ते कोणत्याच तक्त्यात उमटत नाहीत. म्हणूनच नुसते तास मोजणारा करार अपुरा ठरतो. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स या संघटनेने १९६९ च्या निवेदनात हे नेमके ओळखले होते. पदवी वर्गांसाठी आठवड्याला कमाल १२ तास सांगताना, वर्षभरात सहापेक्षा जास्त वेगळ्या पेपरांची तयारी करावी लागू नये, अशी अटही तिने जोडली. इष्ट प्रमाण तिने ९ तास मानले.

ब्रिटनमध्ये १९९२ नंतर विद्यापीठ झालेल्या संस्थांच्या राष्ट्रीय करारात दुहेरी मर्यादा आहे: आठवड्याला १८ तास आणि अध्यापन वर्षात ५५० तास. त्यामुळे एखादा आठवडा जड गेला, तरी वर्षाचा हिशेब हाताबाहेर जात नाही.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत प्रत्यक्ष अध्यापनासाठी सहायक प्राध्यापकाला १६, तर सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाला १४ तास आहेत. एकूण काम आठवड्याला किमान ४० तासांचे. अध्यापनाच्या तासांचा आकडा व्यवहारात केवळ मर्यादा राहत नाही. विभागाच्या एकूण तासिकांना त्याने भागून पदे ठरतात, म्हणजे तास वाढले की पदे घटतात. आयोगाच्या आधीच्या विनियमांतील मे २०१६ च्या दुरुस्तीने सहायक प्राध्यापकांचे तास १६ वरून १८ आणि वर ट्युटोरियलचे (लहान गटांच्या शिकवणीचे) ६ असे केले, तेव्हा दिल्ली विद्यापीठातील अध्यापकांनी उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार घातला. कंत्राटी अध्यापकांची कामेच जाणार, ही भीती त्यामागे होती आणि ती रास्त होती. वाढ त्याच वर्षी मागे घेण्यात आली.

अर्धवेळ अध्यापकांसाठी मर्यादा उलटी पडू शकते. कॅलिफोर्नियाच्या सामुदायिक महाविद्यालयांत तात्पुरत्या अध्यापकाला एका महाविद्यालयीन जिल्ह्यात (ही महाविद्यालये चालवणाऱ्या स्थानिक संस्थेत) पूर्णवेळ भाराच्या ६७ टक्क्यांपर्यंतच काम देता येते. त्यापुढे गेल्यास कायमपणाचा हक्क उभा राहतो. परिणामी अनेक जण दोन-तीन जिल्ह्यांत शिकवून, मधला वेळ गाडीत घालवून, पोटापुरते तास जमवतात. हा प्रवास कोणत्याही करारात कार्यभार म्हणून धरला जात नाही.