खोल खाणींतील वायुवीजन व प्रशीतन

अतिखोल खाणींत हवा खेळती व सुसह्य ठेवण्याच्या पद्धती. उथळ खाणीत पंख्याने हवा ओढली की बहुधा भागते. खोली 2 किमी.च्या पुढे गेली की सहसा प्रशीतन (हवा कृत्रिमरीत्या थंड करणे) लागते. खडक तापलेला असतोच, शिवाय कूपकातून (खाणीत उतरणाऱ्या उभ्या विवरातून) उतरणारी हवा दाबली जाऊन स्वतःच तापते. कोरड्या हवेत दर किमी.ला सुमारे 9.8° से. पुण्यातील मे महिन्याची 38° से.ची हवा वाटेत अजिबात ओल न लागता 3 किमी. खाली नेली, तर तळाशी ती 67° से.च्या घरात जाईल. प्रत्यक्षात कूपक ओले असतात. तापमान तितके चढत नाही, पण दमटपणा वाढतो व घाम वाळत नाही. म्हणून भारतीय खाण नियमांतील मर्यादा ओल्या बल्बच्या (ओल्या कापडात गुंडाळलेल्या तापमापकाच्या) तापमानाला आहे : कमाल 33.5° से.

प्रशीतनाचा पहिला मान कोणत्या खाणीला द्यावा, याबाबत एकमत नाही. अमेरिकेच्या नेव्हाडातील कॉमस्टॉक येथील चांदीच्या खाणींत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणकामगारांना बर्फ पुरवीत. काही जण आरंभ तेथून धरतात. मात्र ती मुळात कामगाराला गारवा देण्याची सोय होती, हवा थंड करण्याची नव्हे. यांत्रिक प्रशीतन हाच निकष मानल्यास ब्राझीलमधील मोरो व्हेल्यो (सु. 1920) हे उत्तर अधिक ग्राह्य वाटते. दक्षिण आफ्रिकेतील रॉबिन्सन डीप येथील मोठे संयंत्र 1930 नंतरच्या दशकातले.

पुढे जमिनीवर गार केलेले पाणी खाली सोडणे रूढ झाले. पडणारे पाणीही दर किमी.ला सुमारे 2.3° से. तापते. ती ऊर्जा पेल्टन चक्कीने (पाण्याच्या झोताने फिरणाऱ्या चाकाने) काढून घेतात. मुळशीच्या पाण्यावर भिरा येथे वीज करणारी चक्की याच जातीची. खरी अडचण वापरलेले पाणी पुन्हा वर उपसण्याची. 0° से.चा बर्फ वितळून 20° से.पर्यंत तापताना तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या सुमारे पाचपट उष्णता शोषतो, म्हणजे उपसा तितका घटतो. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे 4 किमी. खोल एम्पोनेंग खाणीत पाणीमिश्रित बर्फ खाली सोडतात.

भारतात कोलारच्या चॅम्पियन रीफ या सोन्याच्या खाणीची खोली 3 किमी.हून अधिक होती. तेथेही हवा थंड करीत. कोलारच्या सोन्याच्या खाणी 2001 मध्ये बंद झाल्या.