दुर्बीण किती पॉवरची, हे विचारू नका

ऑगस्ट आला की तो मेसेज फिरायला लागतो. २७ तारखेला मंगळ पौर्णिमेच्या चंद्राएवढा दिसणार, आकाशात दोन चंद्र उगवणार, ही संधी पुन्हा नाही! याचं मूळ २००३ सालात आहे. त्या वर्षी २७ ऑगस्टला मंगळ पृथ्वीपासून सुमारे ५ कोटी ५८ लाख किलोमीटरवर आला होता. जवळजवळ ६० हजार वर्षांत तो इतका जवळ आलेला नव्हता. मूळ मजकुरात 'दुर्बिणीतून ७५ पट मोठा करून पाहिल्यास' अशी अट होती. मेसेज पुढे जाता जाता अट गळाली आणि थाप तेवढी उरली.

थाप खोडून काढणं सोपं आहे. तिच्या पोटातला गैरसमज मात्र जास्त चिवट आहे. ७५ पटीने मंगळ चंद्राएवढा होतो हे गणित बरोबरच आहे, मग ५०० पटीने केवढा होईल? म्हणून आकाशदर्शनाच्या रांगेत पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दुर्बीण किती पॉवरची आहे?" स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यांवरही हाच आकडा सर्वांत मोठ्या अक्षरांत छापतात.

पणजीत १८ जून रस्त्यावर जुंता हाऊस नावाची सरकारी इमारत आहे. कित्येक गोंयकारांनी आयुष्यातला पहिला शनी या इमारतीच्या गच्चीवरून पाहिला. तिथली सार्वजनिक वेधशाळा उभी केली ती 'असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ अॅस्ट्रॉनॉमी' या हौशी मंडळींच्या संस्थेने. सरकारी सेवेतून निवृत्त झालेले इतिहासप्रेमी पर्सिवल नोरोन्हा यांनी १९८०च्या दशकात ही संस्था सुरू केली. दिवसभर आपापली कामं करून संध्याकाळी गच्चीवर दुर्बीण लावणारे स्वयंसेवक हाच तिचा कणा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४पासून हेच काम करते आहे, तर मुंबईचं खगोल मंडळ लोकांना अंधाऱ्या आकाशासाठी वांगणीला नेतं.

शहरातल्या गच्चीवरून देवयानी दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच दूरचा तारकासमूह, धड दिसत नाही, दिव्यांचा उजेड तिला गिळतो. चंद्र, गुरू, शनी यांना त्या उजेडाने फारसा फरक पडत नाही. त्यांचं नुकसान होतं ते हवेमुळे, आणि या लेखाचा खरा विषय हीच हवा आहे.

आधी पॉवरचा हिशेब उरकू. दुर्बिणीतल्या मुख्य आरशाच्या नाभीय अंतराला (आरशापासून प्रकाश एकवटतो तिथपर्यंतचं अंतर) आयपीसच्या, म्हणजे डोळा लावायच्या भिंगाच्या, नाभीय अंतराने भागलं की वर्धन, म्हणजेच पॉवर, मिळतं. १२०० मिलिमीटरच्या दुर्बिणीला १० मिलिमीटरचा आयपीस लावला की १२० पट, ४ चा लावला की ३०० पट. आयपीस बदलायला अर्धा मिनिट लागतो. तेव्हा पॉवर हा काही दुर्बिणीचा कायमचा गुण नव्हे. कायमचा गुण म्हणजे आरशाचा व्यास. प्रकाश ही लहर असल्यामुळे निर्दोष आरशातही ताऱ्याचा बिंदू न उमटता बारीकशी चकती उमटते, आणि आरसा जितका लहान तितकी ही चकती मोठी. ११६ ला आरशाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाने भागा, किती बारीक तपशील सुटा दिसेल ते विकलांमध्ये मिळेल. (एका अंशात ३६०० विकला असतात.) १५० मिलिमीटरच्या, म्हणजे सहा इंची आरशासाठी उत्तर येतं पाऊण विकला. शनीच्या कड्यांमधली कॅसिनीची फट पृथ्वीवरून साधारण एवढीच दिसते, म्हणजे ती दिसायला हवी.

तरी बऱ्याच संध्याकाळी ती दिसत नाही. हवेचं तापमान एका अंशाने बदललं की तिचा अपवर्तनांक, म्हणजे ती प्रकाशाला किती मंदावते आणि वाकवते याचं माप, दहा लाखांत सुमारे एक भाग एवढा बदलतो. हे प्रमाण नगण्य वाटतं. पण शेजारून येणारे दोन किरण घ्या, एक गार हवेतून आणि दुसरा एक अंशाने गरम हवेतून. एक मीटर अंतर कापेपर्यंत त्यांच्यात एक मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचा) फरक पडतो, आणि हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी आहे जेमतेम अर्धा मायक्रॉन. म्हणजे दोन किरण जवळपास दोन लहरींनी मागेपुढे झाले! दुर्बिणीचा आरसा घासणारा माणूस लहरीच्या पाव हिश्शाएवढी चूक राहू नये म्हणून आठवडेच्या आठवडे खपतो. ती सगळी मेहनत आरशापुढची एक मीटर हवा पुसून टाकते.

गच्चीवर अशी हवा भरपूर असते. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. दुर्बिणीची नळी खोलीतून नुकतीच बाहेर आणलेली असली तर तिच्या आतही गरम झोत फिरत असतात, म्हणून जाणते स्वयंसेवक ती तासभर आधीच उघड्यावर आणून ठेवतात. वरच्या वातावरणात गरम-गार हवेचे लहानमोठे भोवरे वाऱ्याबरोबर सरकत असतात. साधारण दहा सेंटिमीटरच्या पट्ट्यात हवा बऱ्यापैकी एकसारखी असते. त्याहून लहान आरशात चित्र अख्खंच्या अख्खं इकडेतिकडे हलतं, मोठ्या आरशात त्याचे तुकडे होतात. हौशी निरीक्षक याला 'सीइंग' म्हणतात. अशा वेळी शनी आयपीसमध्ये वाहत्या ओढ्याच्या तळाशी पडलेल्या गोट्यासारखा दिसतो, कडा सतत थरथरणाऱ्या. वर्धन ३०० केलं तर थरथरही तेवढीच मोठी होते आणि वर चित्र अंधूक होतं. वर्धन दुप्पट केलं की ग्रहाच्या बिंबाचा उजेड चौपटीने घटतो.

पण हे भोवरे क्षणाक्षणाला बदलतात. मधेच अर्धा सेकंद हवा स्थिर होते आणि त्या अर्ध्या सेकंदात फट लख्ख दिसते. हौशी छायाचित्रकार ग्रहाचा व्हिडिओ काढून हजारो चौकटींतून नेमक्या अशा मोजक्या चौकटी निवडतात आणि एकावर एक रचतात. डोळ्यालाही तेच करता येतं, फक्त तो आयपीसवरून हलवायचा नाही. पाच सेकंद बघून बाजूला होणाऱ्याला "थांबा, अजून बघा" म्हणणारा स्वयंसेवक म्हणूनच महत्त्वाचा. महागडी दुर्बीण घेऊन घरी एकट्याने बसणाऱ्याला हे सांगणारं कोणी नसतं.

शनीचं नाव काढलं की आजही काही जण बिचकतात, तेव्हा साडेसातीचा हिशेब इथेच करून टाकू. शनीला सूर्याभोवती एका फेरीला साडेएकोणतीस वर्षं लागतात. बारा राशींत वाटली की एका राशीला जवळपास अडीच, तीन राशींना साडेसात. म्हणजे कुठल्याही क्षणी बारांपैकी तीन राशींना, जगातल्या जवळपास पाव लोकसंख्येला साडेसाती चालूच असते! माणसांची दुःखं खरी असतात, पण ती शनीच्या माथी मारून शांतीचे पैसे उकळणं ही शुद्ध लूट आहे.

मार्च २०२५मध्ये पृथ्वी शनीच्या कड्यांच्या पातळीत आली होती, त्यामुळे कडी नाहीशी झाल्यासारखी वाटली. आता ती पुन्हा उघडत चालली आहेत आणि २०३२च्या सुमाराला सर्वांत रुंद दिसतील. पुढची काही वर्षं नोव्हेंबर-डिसेंबरच्या संध्याकाळी शनी चांगला उंच असेल. पाहायला जाल तेव्हा तो क्षितिजालगत असताना घाई करू नका, क्षितिजापासून तीस अंशांवर असलेल्या ग्रहाचा प्रकाश डोक्यावरच्याच्या दुप्पट हवेतून येतो. स्लॅब जरा निवू द्या, रांगेत दुसऱ्यांदा उभे राहा, आणि दुर्बिणीपाशी पोचलात की विचारा, "आज हवा कशी आहे?"