ऑनलाइन विकलं की जीएसटी नोंदणीतली 40 लाखांची सूट गेली, हे आलं कुठून?

मुंबई प्रांतात विक्रीकर 1946 ला आला, महाराष्ट्रात व्हॅट 2005 ला, ते सगळं माहितीच आहे. ऑनलाइन विक्रीवरून कर खात्याची पहिली मोठी जुंपली ती 2014 ला कर्नाटकात. माल ठेवलाय प्लॅटफॉर्मच्या (म्हणजे ॲमेझॉनसारख्या विक्रीच्या साइटच्या) गोदामात, विकतोय दुसराच, मग कर भरणारा व्यापारी नेमका कोण? ते मिटतंय तोवर काही राज्यांनी कुरिअरने बाहेरून येणाऱ्या मालावर प्रवेश कर बसवला.

जुलै 2017 ला जीएसटी आला आणि हे सगळं संपणार असं वाटलं. पण कायद्यात कलम 24 होतं. दुकानदाराला वर्षाला 20 लाखांपर्यंत (एप्रिल 2019 पासून मालासाठी 40 लाख) नोंदणीची गरज नाही, पण तोच माल ऑनलाइन टाकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. म्हणजे गल्लीतल्या दुकानात 35 लाखांचा धंदा करणारा मोकळा आणि घरून ऑनलाइन महिन्याला बारा पाकिटं मसाला विकणारी बाई रिटर्न भरत होती. विक्री शून्य असली तरी रिटर्न भरायचंच, उशीर झाला तर शून्याच्या रिटर्नलाही दिवसाला 20 रुपये लेट फी, वर सीएची फी वेगळी. कंपोझिशनवाल्यांना (उलाढालीवर कमी दराने ठोक कर भरणारे छोटे व्यापारी) तर ऑनलाइनचं दारच बंद होतं. कारण काय तर ऑनलाइन व्यवहारांवर नजर राहावी, पण खरं सांगायचं तर प्रत्येक ऑर्डरचा हिशोब प्लॅटफॉर्मकडे असतोच की, नजर ठेवायला त्या बाईचा जीएसटी नंबर कशाला? बरं, ऑनलाइन सेवा देणाऱ्या छोट्यांना नोव्हेंबर 2017 मध्येच सूट मिळाली, माल विकणारे मात्र तसेच राहिले.

मग ऑक्टोबर 2018 पासून टीसीएस, म्हणजे विक्रेत्याच्या पैशातून आधीच कापला जाणारा जीएसटी. तेव्हा 1000 रुपयांच्या मालामागे प्लॅटफॉर्म 10 रुपये कापून सरकारजमा करणार. ते बुडत नाहीत, तुमच्या कॅश लेजरमध्ये (जीएसटी पोर्टलवरचं तुमचं खातं) येतात, पण येईपर्यंत अडकलेले, आणि ज्याला पाकिटामागे सुटतातच पंधरा-वीस रुपये त्याला ते जाणवतं. त्यात 2020 ला आयकराचा टीडीएस आला, तोही प्लॅटफॉर्मच कापतो, त्यामुळे यातला कुठला जीएसटीत वळता होतो आणि कुठला आयकरात यावरून अजून घोळ चालू असतो.

नोंदणीची सक्ती सैल करायचं जून 2022 ला जीएसटी परिषदेच्या चंदीगडच्या बैठकीत तत्त्वतः ठरलं, जानेवारी 2023 पासून होणार होतं, पण पोर्टलची तयारी नाही म्हणून ते 1 ऑक्टोबर 2023 वर गेलं. आता मर्यादेच्या आतला विक्रेता जीएसटी नोंदणी न करता, पॅनवर नुसता एनरोलमेंट नंबर घेऊन ऑनलाइन विकू शकतो, त्याचा टीसीएसही कापत नाहीत, आणि कंपोझिशनवाल्यांनाही दार उघडलं. मुख्य अट ही, माल राज्याबाहेर जाता कामा नये, आणि ते बघायचं काम प्लॅटफॉर्मचं. म्हणजे कोल्हापूरचा कांदालसूण मसाला गडचिरोलीला बिनधास्त जातो, तासाभरावरच्या, पण कर्नाटकातल्या निपाणीला नाही. निपाणीचं गिऱ्हाईक स्वतः एसटीने येऊन पिशवीत घालून घेऊन गेलं तर कोणी विचारत नाही.

जुलै 2024 ला टीसीएस 1 टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आला. निपाणीचं मात्र तेच.