मातीतले सूक्ष्मजीव आणि कर्ब: समज कशी बदलत गेली

काडीकचरा गाडला की जमिनीतला सेंद्रिय कर्ब (कार्बन) वाढतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यातला बराचसा कर्ब मातीत टिकण्याआधी सूक्ष्मजीवांच्या शरीरातून जातो, हे उमगायला मात्र दोन शतके लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत आल्ब्रेख्ट थेअर यांचा विचार प्रमाण मानला जाई: झाड मातीतले ह्यूमस, म्हणजे कुजलेल्या अवशेषांचा गडद भाग, खाऊन वाढते. वनस्पतीचा कर्ब हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतो, हे स्विस शास्त्रज्ञ द सोस्यूर यांनी १८०४ मध्येच दाखवले होते. १८४० मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी हा मुद्दा जोरात मांडला आणि ह्यूमसचा सिद्धान्त मागे पडला. ते योग्यच झाले. पण झाड ह्यूमस खात नसले तरी मातीतले अब्जावधी जीव त्यावर जगतात, ही बाजू दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.

१८९० च्या सुमारास सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ विनोग्राद्स्की यांना वेगळेच जिवाणू सापडले. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणातून ते ऊर्जा मिळवतात आणि शरीर कार्बन डायऑक्साइडपासून बांधतात. शेतजमिनीत असे स्वयंपोषी थोडे. बाकीचे झाडाने बांधलेल्या कर्बावर जगतात: पिकांचे अवशेष, मेलेली मुळे आणि जिवंत मुळांतून झिरपणारी साखर, सेंद्रिय आम्ले, अमिनो आम्ले. मुळाभोवतीच्या या गजबजलेल्या पट्ट्याला हिल्टनर यांनी १९०४ मध्ये ‘ऱ्हायझोस्फिअर’ हे नाव दिले.

साखर जिवाणूला थेट आत घेता येते. झाडाच्या पेशीभिंतीतल्या सेल्युलोजची साखळी मोठी, ती जिवाणूच्या पेशीत शिरत नाही. म्हणून बुरशी आणि जिवाणू विकरे (एन्झाइम) बाहेर सोडतात, साखळी बाहेरच तोडतात आणि सुटे तुकडे शोषून घेतात. आत गेलेल्या कर्बाचा काही भाग श्वसनात जळतो, उरलेल्यातून शरीर बनते.

गव्हाच्या काडाचा हिशेब मांडला की काड गाडल्यावर पुढचे पीक पिवळे का पडते ते कळते. १,००० किलो कोरड्या काडात साधारण ४०० किलो कर्ब आणि ५ किलो नत्र असते, म्हणजे गुणोत्तर ८०:१. सूक्ष्मजीवांच्या शरीरात ते ८:१ च्या आसपास असते. कर्बाचा एक तृतीयांश, म्हणजे १३३ किलो, शरीरात गेला तर सुमारे १६.५ किलो नत्र लागते. काडात मिळाले ५. उरलेले साडेअकरा किलो सूक्ष्मजीव मातीतून ओढतात, तेही पेरणीच्याच काळात काड गाडले तर पिकाच्या तोंडचे. पुढे ते मेले की बरेचसे नत्र परत मोकळे होते, पण रोपाची सुरुवातीची वाढ तोवर खुंटलेली असते. गाडलेल्या काडीकचऱ्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर २५:१ च्या खाली असले की ही ओढाताण सहसा होत नाही.

१९२६ मध्ये लोनिस यांनी नोंदवले की हिरवळीचे खत घातल्यावर मातीतले जुने ह्यूमसही जास्त वेगाने कुजते. म्हणजे ताजा कर्ब घालून जुना खर्चही होऊ शकतो.

हे जीव मातीत आहेत तरी किती, हे मोजायची सोपी रीत १९७६ मध्ये जेन्किन्सन आणि पाउलसन यांनी दिली: क्लोरोफॉर्मच्या वाफेने जीव मारायचे, वाफ काढून टाकायची, चिमूटभर ताजी माती मिसळायची (तिच्यातले जीव मेलेल्या पेशी खातात) आणि दहा दिवसांत किती कार्बन डायऑक्साइड जास्त निघतो ते पाहायचे. खूप आम्लधर्मी मातीत ही रीत फसते. १९८७ मध्ये तिची जलद आवृत्ती आली: २४ तास क्लोरोफॉर्मची धुरी, मग ०.५ मोलर पोटॅशियम सल्फेटच्या द्रावणात अर्धा तास हलवून कर्ब काढायचा आणि धुरी न दिलेल्या नमुन्याशी तुलना करायची. येणारा फरक ०.४५ ने भागतात, कारण पेशींतला सगळा कर्ब द्रावणात उतरत नाही. इथे दोन चुका नेहमी होतात. बाजारातल्या क्लोरोफॉर्ममध्ये टिकावासाठी इथेनॉल घातलेले असते. ते न काढता वापरले तर त्याचाच कर्ब मोजला जातो. जिवंत बारीक मुळे न वेचल्यास त्यांच्या फुटलेल्या पेशीही आकडा फुगवतात. या मोजणीत जिवंत जीवांचा वाटा एकूण सेंद्रिय कर्बाच्या साधारण १ ते ५ टक्केच भरतो.

हा वाटा छोटा असला तरी पिढ्यान्‌पिढ्या मरणाऱ्या पेशींचे अवशेष साठत जातात. ह्यूमस म्हणजे मातीत आपोआप घडणारे मोठे, गडद रेणू, असे पूर्वी मानत. ते तीव्र अल्कलीत मातीतून काढले जात. ती प्रक्रियाच रेणू बदलते आणि मूळ मातीत तसे रेणू दिसत नाहीत, ही टीका २०१५ मध्ये लेमान आणि क्लेबर यांनी ठामपणे मांडली. आता भर आहे तो मृत सूक्ष्मजीवांच्या अवशेषांवर. ते चिकणमातीच्या कणांना चिकटतात, ढेकळांच्या आत अडकतात आणि विकरांपासून सुरक्षित राहतात. वारंवार नांगरट केली की ढेकळे फुटतात, आतला कर्ब उघडा पडतो आणि तो पुन्हा कोणाचे तरी खाद्य होतो.