चित्रातला कॅनरी किती खरा?

केशरी-पिवळं अंग आणि त्यावर काळेभोर पंख-शेपूट. लंडन फॅन्सी जातीचा कॅनरी (पिंजऱ्यात पाळला जाणारा छोटा गाणारा पक्षी) जुन्या इंग्रजी चित्रांत असाच दिसतो. पहिल्या महायुद्धानंतर या जातीचा मूळ वाण संपला, त्यामुळे तिचं रूप कळण्यासाठी आता चित्रांचाच मोठा आधार आहे.

चित्रकारानं रंग वाढवून लावला असेल, अशी शंका येते. इथे तो बहुतांशी खरा ठरतो, मात्र पक्ष्याच्या एकाच वर्षापुरता. कॅनरीचं पिल्लू साधारण दीड-दोन महिन्यांचं झालं की अंगावरची पिसं बदलतं. पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं मात्र घरट्यात फुटलेलीच राहतात. लंडन फॅन्सीत अंगावरची नवी पिसं स्वच्छ पिवळी उगवत आणि मोठी पिसं काळीच राहत. पुढच्या वर्षी तीही गळत आणि त्यांच्या जागी फिकट, पांढुरकी पिसं येत. चित्रातला ऐटदार पक्षी म्हणजे वर्षाच्या आतला. एखादं मोठं पीस अवेळी उपटलं गेलं, तर नवं पीसही फिकट येई आणि प्रदर्शनात तो पक्षी मागे पडे. कॅनरीच्या प्रत्येक पंखात अशी १८ पिसं असतात, शेपटीत १२. चित्रात ती सगळीच निर्दोष काळी असतील, तर तो समोर बसलेला पक्षी होता की शौकिनांच्या मनातला, हे विचारायला हवं.

केशरी रंगाबाबत जास्त सावध राहावं. १८७०च्या दशकात नॉर्विच या कॅनरीच्याच दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांना पीसगळीच्या दिवसांत लाल मिरचीची पूड चारण्याची युक्ती इंग्लंडभर पसरली. (पक्ष्यांना मिरची तिखट लागत नाही, त्यामुळे ते ती निमूट खात.) हा रंग पीस वाढत असतानाच त्यात उतरतो. वाढ पूर्ण झाल्यावर कितीही मिरची चारा, उपयोग शून्य. म्हणून त्यानंतरच्या चित्रातला गडद केशरी हा जातीचा गुण असेल किंवा आहाराचाही. आनुवंशिक लाल रंगाचा प्रयत्न जर्मनीत १९२०च्या दशकात पक्षी-अभ्यासक हान्स डुंकर यांनी व्हेनेझुएलाकडच्या लाल सिस्किन पक्ष्याशी संकर करून केला. त्याआधीच्या चित्रात लालबुंद कॅनरी दिसला, तर मिरची आठवावी किंवा रंगाऱ्याचा उत्साह.

कागदावरचा रंगही स्थिर नसतो. हातानं रंगवलेल्या जुन्या चित्रांत गॅम्बोज हा झाडाच्या चिकातून मिळणारा पिवळा रंग वापरत. तो उजेडात उडतो. शिशाचा पांढरा रंग हवेतल्या गंधकामुळे काळवंडतो. पडताळणीसाठी पक्ष्याभोवतीची पानं पाहावीत. ती निळसर दिसत असतील, तर हिरव्यातला पिवळा उडालेला आहे. मग पक्ष्याचा पिवळा तरी कसा टिकला असेल?

आकाराचा घोळ वेगळा. एकोणिसाव्या शतकातला नॉर्विच चित्रात सडसडीत दिसतो, आजचा गोलमटोल असतो. इथे चित्रकाराची चूक नाही. मोठ्या, तुरेवाल्या पक्ष्यांशी झालेल्या संकरामुळे जातच बदलली.

मग जुने फोटो तरी भरवशाचे? ठेवणीसाठी हो, रंगासाठी नाही. फोटो टिपणाऱ्या सुरुवातीच्या काचपट्ट्या मुख्यतः निळ्या-जांभळ्या उजेडालाच प्रतिसाद देत, पिवळ्याला जवळपास नाहीच. त्यामुळे झळझळीत पिवळा कॅनरी त्या फोटोत मळकट करडा उमटे.